पाच लिटर दूध, एक किलो खवा : उरलेले चार लिटर जाते कुठे? समजून घ्या खव्यामागचे रसायन

श्रावण लागला की पेढे, बर्फी आणि गुलाबजामला मागणी वाढते. दिवाळीपर्यंत ती चढतीच राहते. याच काळात खव्यातील भेसळीच्या, छाप्यांच्या आणि जप्त केलेल्या साठ्याच्या बातम्याही येऊ लागतात. 'खवा खरा की खोटा, घरच्या घरी ओळखा' असे व्हिडिओ मोबाइलवर फिरतात. त्यातले काही उपाय बरोबर असतात, तर काही निव्वळ दिशाभूल करणारे.

धाराशिव जिल्ह्यासाठी हा विषय फक्त सणापुरता नाही. बालाघाटच्या डोंगररांगेतील भूम, वाशी परिसरात खव्याच्या भट्ट्यांवर असंख्य कुटुंबांचे घर चालते. भूम तालुक्यातील कुंथलगिरी हे जैन सिद्धक्षेत्र तिथल्या पेढ्यासाठीही ओळखले जाते. २०२४ मध्ये कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय टॅग मिळाला. नाव मोठे झाले की त्या नावावर दुसराच माल खपवण्याचा धोकाही वाढतो. तो धोका ओळखायचा असेल तर खव्यात नेमके काय असते, हे आधी माहीत हवे.

गंमत म्हणजे, सजीवांचे शरीर ज्या रसायनांनी बनते ती जवळपास सगळी एका कढईभर दुधात सापडतात. पाणी, प्रथिने, कर्बोदके, मेद, क्षार आणि थोडाफार डीएनएसुद्धा. अकरावी-बारावीला जीवशास्त्रात पाठ केलेला धडा भट्टीवर रोज प्रत्यक्ष घडत असतो.

दुधाचा खवाच का करायचा?

दूध नाशवंत आहे. उन्हाळ्यात ते काही तासांत नासते. वाड्या-वस्त्या डोंगरात, रस्ते अवघड आणि दूध थंड ठेवण्याची सोय नाही, अशा ठिकाणी सकाळचे दूध शहरापर्यंत पोहोचवणे पूर्वी शक्यच नव्हते. त्यावर शेतकऱ्याने काढलेला तोडगा म्हणजे खवा. दूध आटवले की वजन जवळपास पाच पटींनी कमी होते. वाहतूक सोपी होते आणि माल एक-दोन दिवस जास्त टिकतो. म्हणजे मुळात खवा ही मिठाई नाही. दूध वाचवण्याची ती पद्धत आहे.

पाच लिटर दुधात असते काय?

गायीच्या चांगल्या दुधाचे उदाहरण घेऊ. पाच लिटर दुधाचे वजन साधारण ५ किलो १५० ग्रॅम भरते, कारण दूध पाण्यापेक्षा किंचित जड असते. त्यातील घटकांचा ढोबळ हिशोब असा :

• पाणी : सुमारे साडेचार किलो
• लॅक्टोज (दुधातील साखर) : सुमारे २४५ ग्रॅम
• मेद (फॅट) : सुमारे २०० ग्रॅम
• प्रथिने : सुमारे १७० ग्रॅम
• क्षार (कॅल्शियम, फॉस्फरस वगैरे) : सुमारे ३५ ग्रॅम

पाणी सोडून बाकी घटकांची बेरीज होते साधारण ६५० ग्रॅम. आटवताना पाणी उडून जाते, हे ६५० ग्रॅम मात्र कढईतच राहतात. त्यांच्यासोबत सुमारे ३५० ग्रॅम पाणी उरले की झाला एक किलो खवा. म्हणजे हाताला घट्ट लागणाऱ्या खव्यातही एक तृतीयांशाच्या आसपास पाणीच असते.

म्हशीच्या दुधात मेद जास्त, पाणी कमी. त्यामुळे तेवढाच खवा साधारण चार ते साडेचार लिटरमध्ये निघतो. गायीच्या आणि म्हशीच्या खव्याच्या भावात फरक का पडतो, याचे एक कारण इथे आहे.

पाणी उडवायला एवढे सरपण का लागते?

पाच लिटर दूध उकळी येईपर्यंत तापवायला फार वेळ लागत नाही. पण त्यानंतर ते आटायला मात्र बराच वेळ जातो. कारण पाण्याच्या रेणूत दडलेले आहे.

पाण्याच्या एका रेणूत ऑक्सिजनचा एक आणि हायड्रोजनचे दोन अणू असतात. हे तिघे सरळ रेषेत नसतात. त्यांच्यात सुमारे १०४.५ अंशांचा कोन असतो. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो. त्यामुळे त्याच्या बाजूला किंचित ऋण आणि हायड्रोजनच्या बाजूला किंचित धन भार येतो. मग एका रेणूतील हायड्रोजन शेजारच्या रेणूतील ऑक्सिजनकडे ओढला जातो. या ओढीला हायड्रोजन बंध म्हणतात. एकेक बंध तसा कमकुवत असतो, पण पाण्यात प्रत्येक रेणू चहूबाजूंनी असा धरलेला असतो.

या बंधांची ताकद एका तुलनेतून लक्षात येते. हायड्रोजन सल्फाइड हा कुजलेल्या अंड्यासारखा वास येणारा वायू. त्याचा रेणू पाण्याच्या रेणूपेक्षा जवळपास दुप्पट जड आहे. तरीही तो उणे ६० अंश सेल्सिअसलाच उकळतो. हलके पाणी मात्र १०० अंशांपर्यंत द्रव राहते. हायड्रोजन बंध नसते, तर पृथ्वीवर ना विहिरीत पाणी राहिले असते, ना शरीरात रक्त.

पण हेच बंध भट्टीवाल्याला महागात पडतात. एक किलो उकळत्या पाण्याची वाफ करायला सुमारे २,२५७ किलोज्यूल उष्णता लागते. आपल्या उदाहरणात साधारण ४ किलो १५० ग्रॅम पाणी उडवायचे आहे. त्यासाठी लागले सुमारे ९,४०० किलोज्यूल. दूध आधी उकळीपर्यंत आणायला लागणारे सुमारे १,५०० धरले की एकूण आकडा जातो १०,९०० किलोज्यूलच्या आसपास. विजेच्या भाषेत सांगायचे तर तीन युनिट. म्हणजे लागणाऱ्या उष्णतेचा सातवा हिस्सा तापवण्यात, तर बाकीचा सगळा नुसता वाफ करण्यात जातो.

आता सरपणाचा हिशोब. एक किलो वाळलेल्या लाकडातून साधारण १५,००० किलोज्यूल उष्णता मिळते. पण उघड्या चुलीत त्यातला मोठा भाग धुरावाटे आणि आजूबाजूच्या हवेत जातो. कढईपर्यंत १५ ते २० टक्केच पोहोचतात असे धरले, तर एक किलो खव्यासाठी चार ते पाच किलो लाकूड जाळावे लागते. बालाघाटच्या कमी पावसाच्या, विरळ झाडीच्या पट्ट्यात हा आकडा छोटा नाही. शिवाय कढईजवळ तासन् तास उभे राहून दूध हलवणाऱ्या बाई-माणसाच्या छातीत जाणारा धूर वेगळाच.

म्हणूनच बंदिस्त भट्टी, वाफेवर चालणारी दुहेरी भिंतीची कढई, यंत्राने फिरणारे उलथणे किंवा सौरऊर्जा यांची चर्चा होते. वाफ करायला लागणारी किमान उष्णता कोणतेही यंत्र कमी करू शकत नाही. तो पाण्याचा गुणधर्मच आहे. वाया जाणारी उष्णता मात्र वाचवता येते, आणि खरी बचत तिथेच आहे.

दूध सतत हलवत का राहायचे?

कढईत पाणी कमी होत जाते, तशी प्रथिनांची गर्दी वाढते. दुधातील प्रथिनांचा सुमारे ८० टक्के भाग केसीन नावाच्या प्रथिनाचा असतो. केसीनचे रेणू कॅल्शियमसोबत एकत्र येऊन सूक्ष्म गोळ्यांच्या रूपात दुधात तरंगतात. दूध पांढरे दिसते ते मुख्यतः या गोळ्यांवरून आणि मेदाच्या थेंबांवरून प्रकाश विखुरल्यामुळे.

उरलेली प्रथिने लोकरीच्या गुंड्यासारखी गुंडाळलेली असतात. साधारण ७० अंशांच्या पुढे त्यांची घडी उलगडते आणि ती एकमेकांना व केसीनला चिकटतात. अंडे उकडल्यावर घट्ट होते, तसाच हा प्रकार. याला प्रथिनाचे विकृतीकरण म्हणतात. प्रथिनाचे घटक तेच राहतात, मात्र आकार बदलतो. ही चिकटलेली प्रथिने तळाशी बसली तर जळतात आणि पूर्ण कढईला करपट वास लागतो. त्यामुळे उलथणे थांबवून चालत नाही.

आटत असताना दूध अचानक फाटले तर? दुधातील जिवाणू लॅक्टोजचे लॅक्टिक आम्ल करतात. आम्लता वाढलेले दूध थंड असताना ठीक दिसते, पण तापवले की केसीनचे गोळे एकमेकांना चिकटून चोथापाणी होते. हे टाळण्यासाठी काही ठिकाणी दुधात सोडा टाकला जातो. सोडा आम्ल मारतो, त्यामुळे दूध फाटत नाही. मात्र त्या दुधात वाढलेले जिवाणू झाकले जातात. म्हणूनच ती भेसळ ठरते.

दाणेदार खव्यासाठी मात्र किंचित आम्लता मुद्दाम आणली जाते. अन्न सुरक्षा नियमांनुसार खव्यात ०.१ टक्क्यापर्यंत सायट्रिक आम्ल चालते. त्यामुळे प्रथिनांचे बारीक दाणे बनतात. कलाकंद किंवा मोदकाच्या सारणासाठी असा खवा पसंत केला जातो.

पेढ्याला तांबूस रंग कुठून येतो?

खवा पुढे परतला की रंग बदलतो आणि खमंग वास सुटतो. दुधातील लॅक्टोज आणि प्रथिनांतील अमिनो आम्ले यांच्यात उष्णतेमुळे अभिक्रिया होते. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामिल मायार यांनी १९१२ मध्ये या प्रकारच्या अभिक्रियेचे वर्णन केले, म्हणून ती मायार अभिक्रिया. भाकरीचे डाग, भाजलेले शेंगदाणे, कॉफीच्या बिया या सगळ्यांचा खमंगपणा तिच्यामुळेच. पाणी भरपूर असताना तापमान १०० अंशांच्या आसपास अडकलेले असते, त्यामुळे ती सावकाश चालते. पाणी संपत आले की वेग घेते. म्हणून रंग शेवटच्या टप्प्यात झपाट्याने चढतो.

याची एक किंमतही असते. या अभिक्रियेत लायसिन नावाचे आवश्यक अमिनो आम्ल खर्ची पडते. म्हणजे रंग जितका गडद, तितका प्रथिनांचा कस थोडा कमी.

पेढा टिकतो, खवा का टिकत नाही?

खव्यात उरलेले एक तृतीयांश पाणी जिवाणू आणि बुरशीला पुरेसे असते. उन्हाळ्यात उघड्यावर ठेवलेला खवा दोन-चार दिवसांत खराब होऊ लागतो. पेढ्यात साखर मिसळली की साखरेचे रेणू पाण्याच्या रेणूंना हायड्रोजन बंधांनी धरून ठेवतात. पाणी असते, पण जिवाणूंच्या वाट्याला येत नाही. मुरांबा आणि गुलकंद टिकतात तेही याच कारणाने.

भेसळ नेमकी कशात होते?

आता मुख्य मुद्दा. खव्यातील महागडा घटक म्हणजे दुधाचा मेद आणि त्याखालोखाल प्रथिने. भेसळ करणारा दोनपैकी एक गोष्ट करतो. स्वस्त पिष्टमय पदार्थ घालून वजन वाढवतो किंवा दुधाचा मेद काढून घेऊन त्याजागी वनस्पती तेल घालतो.

१. पिष्टमय पदार्थ : मैदा, कॉर्नफ्लॉवर, बटाटा, रताळे, साबुदाणा या सगळ्यांत स्टार्च असते. स्टार्च आणि लॅक्टोज दोन्ही कर्बोदके आहेत. पण स्टार्च वनस्पती तयार करतात. गायी-म्हशीच्या दुधात ते कधीच नसते. त्यामुळे खव्यात स्टार्च सापडले, तर ते बाहेरून आले हे नक्की. नियमानुसार खव्यात स्टार्च, साखर किंवा रंग घालण्यास मनाई आहे.

२. दुसरे तेल : मेदाचा रेणू म्हणजे ग्लिसरॉलला जोडलेल्या फॅटी आम्लांच्या तीन साखळ्या. दुधाच्या मेदात चार कार्बनचे आखूड ब्युटिरिक आम्ल असते. तुपाच्या वासात आणि चवीत त्याचा वाटा असतो. पामतेल किंवा वनस्पती तुपात ते नसते. प्रयोगशाळा हाच फरक मोजते.

३. मेद काढलेले दूध : खव्यातील पाणी सोडून उरलेल्या भागात किमान ३० टक्के दुधाचा मेद हवा, असा नियम आहे. आपल्या उदाहरणात ६५० ग्रॅममध्ये २०० ग्रॅम, म्हणजे सुमारे ३१ टक्के. खवा नियमात बसला. पण मलई काढून मेद १५० ग्रॅमवर आणला, तर ६०० ग्रॅममध्ये १५०, म्हणजे २५ टक्के. खवा नापास. लक्षात घ्या, यात बाहेरचे काहीही मिसळलेले नाही, तरीही तो निकृष्ट ठरतो. गायीच्या दुधाचा मेद चार टक्क्यांच्या खाली गेला, तर प्रामाणिक भट्टीवालाही या रेषेच्या अगदी जवळ येतो. म्हशीच्या दुधात ही अडचण सहसा येत नाही.

घरी काय तपासता येते?

आयोडीनची चाचणी घरी करता येते आणि ती विश्वासार्ह आहे.

• अर्धा चमचा खवा थोड्या पाण्यात उकळा.
• पूर्ण थंड होऊ द्या. गरम असताना रंग दिसत नाही, त्यामुळे ही पायरी चुकवू नका.
• औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या टिंचर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका.
• निळा किंवा काळपट निळा रंग आला, तर स्टार्च आहे.
• तपासलेला नमुना खाऊ नका, फेकून द्या.

रंग का येतो? स्टार्चमधील ग्लुकोजची लांब साखळी स्प्रिंगसारखी वळलेली असते. आयोडीन त्या वेटोळ्यात जाऊन बसते आणि निळा रंग दिसतो. गरम केल्यावर वेटोळे सैल होते, म्हणून थंड करणे गरजेचे. लॅक्टोजचा रेणू फक्त दोन साखरांचा असतो. त्यात वेटोळेच नसल्याने रंग येत नाही.

मात्र या चाचणीची मर्यादा समजून घ्या. निळा रंग आला नाही, याचा अर्थ खवा शुद्ध असा होत नाही. तेलाची भेसळ यात कळत नाही. ही चाचणी खव्यासाठी आहे. तयार मिठाईत कृतीनुसार मैदा किंवा कॉर्नफ्लॉवर घातलेले असू शकते, उदाहरणार्थ गुलाबजाममध्ये.

तळहातावर चोळून पाहण्याचा उपाय खरा का?

अर्धवट खरा. खवा चोळल्यावर तूप सुटते, हातावर स्निग्धपणा राहतो आणि दुधाचा वास येतो. पण स्निग्धपणा तर पामतेलही देते. कोणत्या साखळ्यांचा मेद आहे हे त्वचेला कळत नाही. वास आणि चव यांवरून अनुभवी माणसाला शंका येऊ शकते, पुरावा मात्र मिळत नाही. तो प्रयोगशाळेतच मिळतो.

गायीचा की म्हशीचा, हे कसे कळते?

दुधात जनावराच्या शरीरातील काही पेशीही उतरतात आणि पेशीत डीएनए असतो. प्रयोगशाळेत त्या डीएनएच्या विशिष्ट तुकड्याच्या असंख्य प्रती काढून दूध कोणत्या प्राण्याचे, हे ठरवता येते. करोना काळात सगळ्यांना माहीत झालेली पीसीआर चाचणी याच तत्त्वावर चालते.

खायचा किती?

आपल्या हिशोबानुसार १०० ग्रॅम खव्यात साधारण २० ग्रॅम मेद, १७ ग्रॅम प्रथिने आणि २४ ग्रॅम लॅक्टोज येते. एकूण ऊर्जा ३४५ किलोकॅलरीच्या आसपास, तीही साखर घालण्याआधीची. म्हणजे १०० ग्रॅम खवा खाणे हे अर्धा लिटर दूध एका बैठकीत पिण्यासारखे आहे. ज्यांच्या शरीरात लॅक्टोज पचवणारे लॅक्टेज हे विकर कमी असते, त्यांना दूध पिल्यावर गॅस, पोटदुखीचा त्रास होतो. त्यांना खव्याचाही त्रास होऊ शकतो, कारण आटवल्याने लॅक्टोज कमी होत नाही, उलट एकवटते.

शंका आली तर काय करायचे?

• खवा घेताना पावती मागा. पावती नसेल तर पुढे तक्रार सिद्ध करणे अवघड जाते.
• राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या १८००२२२३६५ या टोल फ्री क्रमांकावर तक्रार करता येते.
• अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ४० नुसार ग्राहक स्वतः शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेऊ शकतो.
• भाव अवास्तव कमी असेल तर स्वतः हिशोब करा. एक किलो खव्याला लागणारे चार-पाच लिटर दूध, त्यावर इंधन आणि मजुरी. एवढ्या दुधाच्या खरेदी किमतीपेक्षाही कमी दरात कोणी 'शुद्ध खवा' देत असेल, तर त्यात दुधाशिवाय दुसरे काही असण्याचीच शक्यता जास्त.

हा शेवटचा हिशोब ग्राहकाइतकाच भट्टीवाल्याच्याही कामाचा आहे. भेसळीचा स्वस्त माल बाजारात आला की भाव पडतो आणि पहिला फटका बसतो तो चांगले दूध आटवणाऱ्याला. जीआय टॅगमुळे कुंथलगिरीच्या नावाला कायद्याचे संरक्षण मिळाले आहे. आता तपासणी वेळेवर झाली आणि घेणाऱ्याने दुधाचा भाव लक्षात ठेवून खव्याचा भाव विचारला, तर त्या संरक्षणाचा फायदा भूम-वाशीच्या गोठ्यापर्यंत पोहोचेल.